गोगलगायीची बखर

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपल्याकडे कुणाला लावतात ते सांगायला नकोच. वरून गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि आतून मात्र पुरती पोहोचलेली! गंमत अशी की ज्या कुणा खापरपणजीने ही म्हण पहिल्यांदा उच्चारली असेल, तिचं निरीक्षण शास्त्रालाही मान्य आहे. क्युव्हिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७९५ साली या सगळ्या मंडळींच्या वर्गाला नाव दिलं 'गॅस्ट्रोपोडा'. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट आणि पोडा म्हणजे पाय. घ्या! आपल्या म्हणीचं ग्रीक भाषांतरच.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरात (आमचं घर म्हणजे सातारा, सांगली आणि कोरेगाव तालुक्यातलं एक गाव, अशा तीन ठिकाणी पसरलेलं प्रकरण आहे) या पावसाळ्यात गोगलगायींवरून मोठा वाद झाला. वाद साधा होता. पाळलेल्या गोगलगायी नकोशा झाल्या तर त्यांचं काय करायचं? त्यात बाजू मांडायची म्हणून मी वाचायला बसलो आणि दोन हजार वर्षं मागे गेलो. नातेवाइकांना अर्धी गोष्ट फोनवर कळली आहे, उरलेली इथे वाचा म्हणजे मला पुन्हा पुन्हा सांगावी लागणार नाही.

तर, माणसाने गोगलगाय पाळली ती पहिल्यांदा खाण्यासाठी. रोमन लेखक प्लिनीने नोंद करून ठेवली आहे की फुल्व्हियस लिप्पिनस नावाच्या गृहस्थाने तार्क्विनी गावाजवळ गोगलगायींसाठी खास वाडे बांधले होते. पाँपेशी झालेल्या यादवी युद्धाच्या थोडं आधी, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. पांढऱ्या वेगळ्या, मोठ्या वेगळ्या, आफ्रिकेतल्या वेगळ्या, अशी जातवार व्यवस्था! त्यांना पुष्ट करायला द्राक्षाचा शिजवलेला रस आणि पीठ. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांनी हे वाचून कपाळाला हात लावावा.

नुसत्या कुतूहलापोटी, खायच्या उद्देशाविना गोगलगाय सांभाळल्याची माझी सगळ्यात आवडती गोष्ट लंडनची आहे. इजिप्तच्या वाळवंटातली एक गोगलगाय ब्रिटिश म्युझियममध्ये आली. मेलेलीच आहे असं समजून २५ मार्च १८४६ रोजी तिचा शंख एका पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवला, खाली नाव लिहिलं आणि ठेवून दिला. चार वर्षांनी, मार्च १८५० मध्ये, कुणाच्या तरी लक्षात आलं की पुठ्ठ्यावर ओशट डाग पडलाय. शंख सोडवून कोमट पाण्यात ठेवला, तर बाई बाहेर आल्या! मग त्यांना कोबीची पानं देण्यात आली आणि त्या पुढे दोन वर्षं जगल्या. वुडवर्ड नावाच्या लेखकाने मृदुकाय प्राण्यांवरच्या आपल्या पुस्तकात तिचं चित्रही छापलं. नमुना म्हणून नोंदवलेल्या प्राण्याने 'मी अजून आहे' म्हणून डोकं वर काढणं हे मला फार भारी वाटतं.

पण त्यातली कामाची गोष्ट वेगळीच आहे. कोरडा काळ आला की गोगलगाय शंखात शिरते, तोंडाशी एक पातळ पडदा ओढून घेते आणि थांबते. महिनोन्‌महिने. खाणं नाही, पिणं नाही. ज्या प्राण्याला चालता येत नाही म्हणून आपण हसतो, त्याला थांबता किती येतं बघा! कुंडीतल्या मातीत, गोणीच्या घडीत, लाकडाच्या ढिगात ती अशी थांबून बसते आणि बाकीचा प्रवास आपण घडवतो. मेंढीच्या पाठीवर बसून मुंगीने गाव गाठावं तसं.

आता बखरीचा नायक. (की खलनायक? ते तुम्ही ठरवा.)

विल्यम हेन्री बेन्सन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी सेवेतला अधिकारी. १८२१ मध्ये हिंदुस्थानात आला. नोकरी बंगाल आणि उत्तरेत, पण जीव शंखांत. जिथे बदली होईल तिथे चिखलात, पालापाचोळ्यात हा माणूस शंख शोधायचा, आणि भारतातल्या कितीतरी गोगलगायींची पहिली शास्त्रीय वर्णनं त्याच्या नावावर आहेत. थोडक्यात, गोगलगायींवर मनापासून प्रेम करणारा माणूस. हा मुद्दा मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं जे काही झालं ते प्रेमापोटीच झालं.

बेन्सनला मॉरिशसमध्ये एक मोठी, हाताच्या पंजाएवढी होणारी गोगलगाय दिसली. तीही मूळची मॉरिशसची नव्हेच, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडची. शास्त्रीय नाव तेव्हा अकाटिना फुलिका, आता लिसाकाटिना फुलिका. आपल्याकडे शेतकी खात्याच्या पत्रकांत तिला 'शंखी गोगलगाय' म्हणतात. बेन्सनने तिच्या दोन जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि १८४७ मध्ये एका स्नेह्याकडे सोपवल्या. स्नेह्याने त्या चौरंगी भागातल्या एका बागेत सोडून दिल्या.

बस्स, एवढंच. कुणी कट केला नाही, कुणाचा वाईट हेतू नव्हता. एका छांदिष्ट माणसाने मित्राला दिलेली भेट, आणि मित्राने तिला दिलेली मोकळीक. म्युझियममधली ती गोगलगाय पुठ्ठ्यावर झोपलेली असतानाच, लंडनपासून हजारो मैलांवर, कलकत्त्याच्या एका बागेत या दोघींनी अंडी घालायला सुरुवात केली.

पुढे १९०० साली कलकत्त्याहून काही गोगलगायी सिलोनला, म्हणजे श्रीलंकेला गेल्या. नेणारा पुन्हा एक शंखप्रेमी मळेवाला. दहा वर्षांत तिथे त्यांचा सुळसुळाट झाल्याच्या नोंदी सुरू झाल्या. १९३६ मध्ये एका बाईंनी तैवानहून हवाईला येताना सामानातून दोन आणल्या आणि आपल्या बागेत ठेवल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपान्यांनी त्या पॅसिफिकमधल्या बेटांवर नेल्या, अडीअडचणीला खायला म्हणून. आणि १९६६ मध्ये एका लहान मुलाने हवाईच्या सहलीची आठवण म्हणून तीन गोगलगायी फ्लोरिडात, मायामीला आणल्या. काही दिवसांनी त्याच्या आजीने त्या परसबागेत सोडून दिल्या.

हो, आजीने! हे वाक्य वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. का ते पुढे कळेलच.

मायामीच्या त्या तीन गोगलगायींच्या पुढे अठरा हजारांवर झाल्या. त्या निपटायला सरकारला सुमारे दहा वर्षं लागली आणि त्या काळातले दहा लाख डॉलर. २०११ मध्ये त्या तिथे पुन्हा सापडल्या, तेव्हा दहा वर्षांत दीड लाखाहून जास्त गोळा करून नष्ट कराव्या लागल्या. २०२१ मध्ये 'संपल्या' म्हणून जाहीर केलं आणि २०२२ मध्ये फ्लोरिडातल्याच दुसऱ्या जिल्ह्यात त्या पुन्हा निघाल्या.

दोन, दोन आणि तीन. आकडे पाहा. याच्यामागे या प्राण्याची शरीररचना आहे. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते. जोडी जमली की दोघीही अंडी घालू शकतात. एका खेपेला शंभर, दोनशे, कधी कधी चारशे, आणि वर्षातून अशा अनेक खेपा. शिवाय एकदा मीलन झालं की दुसऱ्याचं बीज ती कित्येक महिने शरीरात राखून ठेवते, त्यामुळे एकटी सोडली तरी काम भागतं. खाण्याच्या बाबतीत नखरे नाहीत. पाचशेहून जास्त प्रकारच्या वनस्पती तिला चालतात. शंखाला चुना हवा म्हणून भिंतीचा गिलावासुद्धा खरवडते. सोवळंओवळं पाळणाऱ्या प्राण्याला नव्या मुलखात जगणं जड जातं. हिला कशाचंच वावडं नाही.

या सगळ्या पसाऱ्याची जनुकीय तपासणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या अभ्यासात पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयातले प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे होते याचा आपण अभिमान बाळगायला हरकत नाही. निष्कर्ष काय, तर पूर्व आफ्रिका आणि हिंदी महासागरातली बेटं सोडली, तर उरलेल्या जगातल्या या गोगलगायींमध्ये विविधता अगदी तुटपुंजी आहे. म्हणजे मूठभर गोगलगायींचाच हा सगळा गोतावळा. तपासणीतला हा निष्कर्ष आणि बेन्सनची ती भेट एकमेकांशी छान जुळतात. अर्ध्या जगाची शंखी गोगलगाय ही एका कुटुंबाची म्हणावी इतकी जवळची भावकी!

भावकी म्हटलं की शेत आलंच. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत सोयाबीन नुकतं उगवून वर येत होतं. कोवळं रोप, दोन पानं. रात्रीत शंखी गोगलगायी यायच्या आणि सकाळी ओळीच्या ओळी गायब. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. शेतकरी भल्या पहाटे घमेली आणि पोती घेऊन गोगलगायी वेचत होते. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं रात्री शेतात ठेवायची आणि सकाळी त्याखाली जमलेल्या उचलायच्या, बांधाच्या कडेने चुन्याची भुकटी टाकायची, असे उपाय कृषी विभाग सांगत होता. शेवटी सरकारला नुकसानभरपाई द्यावी लागली. १८४७ च्या त्या भेटीचं बिल १७५ वर्षांनी कुणाच्या दारात आलं ते बघा. बेन्सन १८७० मध्येच वारला. त्या शेतकऱ्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नसणार.

आता आमच्या घरातला वाद.

ताई सांगलीला असते. दीड वर्षापूर्वी तिने जास्वंदाचं एक रोप विकत आणलं. कुंडीच्या मातीत दोन चिमुकले शंख निघाले, वाटाण्याएवढे. भाच्याने ते जुन्या फिशटँकमध्ये ठेवले. (त्यातले मासे आधीच्या वर्षी देवाघरी गेले होते.) मुलगा चिकाटीचा निघाला. रोज पाणी शिंपडायचा, काकडी द्यायचा, वहीत लांबी लिहून ठेवायचा. वाटाण्याचं लिंबू झालं, लिंबाचा मोठा भोवरा झाला, तांबूस-करडे उभे पट्टे असलेला. शेजारपाजारची मुलं बघायला यायची. ताईला आधी किळस यायची, नंतर तीच रात्री दिवा मालवून विजेरीच्या उजेडात त्यांचं काकडी खाणं ऐकत बसायला लागली. हो, ऐकत! कान देऊन बसलात तर बारीक खरखर ऐकू येते. जिभेवर हजारो बारीक दात असतात, किसणीसारखे.

राखीपौर्णिमेला मी सांगलीला गेलो तेव्हा टँकच्या मातीत अंड्यांचा ढीग होता. भिजलेल्या साबुदाण्यासारखी, किंचित पिवळसर. भाच्याने मोजली होती. एकशे त्रेसष्ट.

भाचा यंदा दहावीला. ताई-भावोजींनी ठरवलं होतं की आता हे पुरे. गौरी-गणपतीला गावी जाताना टँक गाडीत घालायचा आणि गोगलगायी अंड्यांसकट शेतात सोडायच्या. कल्पना ताईच्या सासूबाईंची. मी त्यांना काकू म्हणतो. काकूंचं म्हणणं होतं, "मुक्या जिवाला किती दिवस काचंत डांबायचं? आपल्या रानात काय कमी हाय व्हय? घेवडा हाय, आलं हाय, सोयाबीन हाय. खातील, ऱ्हातील. सोडल्याचं पुण्य लागतं."

काकूंच्या मनात दुसरं काही नव्हतं. आपल्याकडे सोडून देणं हे पुण्याचंच काम आहे. पिंजऱ्यातला पोपट सोडावा, जाळ्यातला मासा सोडावा. मी फ्लोरिडाच्या आजींची गोष्ट सांगितली. लातूरची सांगितली. भावोजी विचारात पडले. पण काकूंचं माहेर शिराळ्याकडचं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं तर नाग धरायची माणसं. पंचमी झाली की सोडायचीच. पाळलेलं सोडलं म्हणून कुणाचं वाईट झालं का?"

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी ठाऊक नाही असा माणूस सांगली-सातारा पट्ट्यात सापडायचा नाही. पंचमीच्या आधी रानातून जिवंत नाग पकडून आणायचे, मडक्यात घालून घरी सांभाळायचे, पंचमीला त्यांची पूजा आणि मिरवणूक. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढे उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांची ती जुनी मिरवणूक थांबली, लोक प्रतिमा पुजू लागले. त्या प्रथेच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखं पुष्कळ आहे, नागांचे हाल होत हेही खरं. तो वाद इथे नको. पण काकूंच्या बोलण्यातून मला माझा मुद्दा सापडला.

मी विचारलं, "काकू, पंचमी झाल्यावर नाग कुठे सोडायचे?"

"कुठं म्हंजे? ज्या बांधावर धरला त्याच बांधावर. दुसऱ्याच्या रानात सोडून चालत न्हाई. त्याची जागा त्याला म्हाईत असती."

"मग ह्या दोघींचा बांध कुठला?"

काकू थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग भाच्याला विचारलं, "कुठल्या रं ह्या?" तो म्हणाला, "आफ्रिकेच्या, आजी."

मला वाटतं, या सगळ्या इतिहासाचं सार काकूंच्या त्या दंडकात आहे. सोडणं हे पुण्य आहे, पण त्याला एक अट आहे. जिथून उचललं तिथेच सोडायचं. ती अट आपण विसरतो आणि फक्त 'सोडणं' लक्षात ठेवतो. चौरंगीच्या बागेतल्या त्या मित्राने सोडलं, हवाईतल्या बाईंनी सोडलं, मायामीच्या आजींनी सोडलं. सगळ्यांनी दयाच केली. पण ज्या प्राण्याचा बांधच समुद्रापार आहे, त्याला सोडायला इथे जागाच नाही. त्याला सांभाळायचं तर शेवटपर्यंत सांभाळायचं, आणि नसेल जमत तर मुळात वाढवायचं नाही. रानात सोडून आपले हात झटकले की तो भार शेजारच्या बांधावरच्या माणसावर पडतो.

राहिला प्रश्न अंड्यांचा. हा मात्र खरोखर अवघड होता. शास्त्र सांगतं की अंडी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावीत किंवा उकळावीत, आणि लवकर करावं, कारण आठवडा-दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. फ्रीजरचं नाव काढताच काकू उठून गेल्या. त्याच फ्रीजमध्ये त्यांच्या उपासाचं असतं! आणि एकशे त्रेसष्ट जीव, श्रावणात? तो प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता. भाचा तर रडकुंडीला आला होता, त्याने मोजलेली अंडी होती ती. मी त्याला काही समजावलं नाही. त्यानेच रात्री ताईला विचारलं की यातली निम्मी जगली तरी किती होतील? मग वहीत गुणाकार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात विटा मांडून, जुन्या डब्यात पाणी ठेवून त्यानेच ती उकळली. काकू तेवढा वेळ देवघरात बसल्या होत्या. नंतर बाहेर येऊन त्याला म्हणाल्या, "हात धू साबणानं," आणि चहा टाकला.

तर दोघी सांगलीतच आहेत आणि राहतील. ही जात साधारण पाच-सहा वर्षं जगते, कधी त्याहून जास्त. म्हणजे भाच्याची दहावी, बारावी आणि पुढचंही त्या बघतील. ज्यांच्या घरी अशा कुंडीतून पाहुण्या आल्या असतील त्यांच्यासाठी आमच्या अनुभवाचे चार शब्द.

टँकवर घट्ट बसणारी जाळी हवी. दगड ठेवा वर, कारण काचेवर चढून झाकण उचलायची ताकद तिच्यात असते. तळाला चार बोटं माती किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा, ओलसर पण चिखल नाही. पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं शिंपडायचं, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. काकडी, दुधीची सालं, भोपळा, पपई, कोबी सगळं चालतं. फवारलेली भाजी नीट धुऊनच द्यायची. मीठ अजिबात नाही, मिठाने तिच्या अंगातलं पाणी ओढलं जाऊन ती तडफडून मरते. शंखासाठी अंड्याच्या टरफलाची पूड किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस ठेवायचा. चिकटलेली असताना शंख धरून ओढायचं नाही, पुढून ओलं बोट हळूच खाली सरकवायचं.

आणि तीन गोष्टी कधीही चुकवायच्या नाहीत. दर आठवड्याला माती उकरून अंडी बघायची आणि वेळीच निकालात काढायची. टाकून द्यायची माती आधी उकळत्या पाण्याने भिजवायची, तशीच बागेत टाकायची नाही. आणि हात साबणाने धुवायचे, कारण उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक जंत या गोगलगायींतून माणसात येऊ शकतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. लहान मुलांना हे निक्षून सांगा. बागेत सापडलेल्या मोठ्या गोगलगायी उचलतानाही हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी वापरा.

एवढं वाचून कुणी सरसकट सगळ्या गोगलगायींवर मिठाची बरणी घेऊन धावू नये म्हणून शेवटचं थोडं. आपल्या मातीतल्या गोगलगायी वेगळ्या. पावसाळ्यात कुंपणावर दिसणाऱ्या लहान, चपट्या, पातळ शंखाच्या किती तरी जाती इथल्याच आहेत, आणि पालापाचोळा कुजवण्याचं काम त्या इमाने इतबारे करतात. सह्याद्रीत अरिओफँटा नावाचं एक घराणं आहे, त्यातल्या बऱ्याच जणी डावखुऱ्या! शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर तोंड डाव्या हाताला येतं. शंखी गोगलगायीचं उजवीकडे असतं आणि शंख उंच, निमुळता. (पण तोंड उजवीकडे म्हणजे लगेच आफ्रिकेची, असं नव्हे. आपल्याही कितीतरी जणी उजव्या आहेत.)

आणि आमच्या सातारा जिल्ह्याचं खरं रत्न आहे महाबळेश्वर भागातल्या पाणी झिरपणाऱ्या कड्यांवर. क्रेम्नोकाँकस. नखाएवढा शंख. हिचं सगळं गणगोत समुद्रकिनाऱ्याच्या खडकांवर राहतं, ही एकटीच गोड्या पाण्याची होऊन घाटमाथ्यावर चढून बसली. एकोणिसाव्या शतकात तिची नोंद झाली, आणि डेव्हिड रीड, अरविंद आणि मध्यस्थ यांनी २०१३ मध्ये तिच्यावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध करून कर्नाटकातल्या घाटांतल्या तिच्या नव्या बहिणी जगापुढे आणल्या. कड्यावरची ती ओल गेली की ती गेली, आणि तिला घरी आणून सांभाळता येणार नाही.

बेटांवरच्या गोगलगायींचं काय झालं हे यासाठी माहीत असावं. शंखी गोगलगायीला आवर घालायला १९५५ मध्ये हवाईत आणि १९७७ मध्ये ताहितीजवळच्या मोरेआ बेटावर एक शिकारी गोगलगाय मुद्दाम सोडली. पुन्हा 'सोडली'! तिने शंखीला फारसं काही केलं नाही, तिथल्या छोट्या, देखण्या, झाडावरच्या गोगलगायी मात्र खाऊन फस्त केल्या. मोरेआच्या पार्तुला गोगलगायींतल्या अनेक जाती उरल्या त्या केवळ प्राणिसंग्रहालयांतल्या पेट्यांत. लंडनसारख्या ठिकाणी माणसांनी त्या पिढ्यानुपिढ्या सांभाळल्या आणि २०१५ पासून पुन्हा त्यांच्या मूळ बेटांवर नेऊन सोडल्या. बघा, काकूंचाच नियम! हवाईत मात्र उशीर झाला होता. तिथल्या एका जातीचा अखेरचा जीव, जॉर्ज नावाचा, माणसांच्या सांभाळात एकटा चौदा वर्षांचा होऊन १ जानेवारी २०१९ रोजी गेला. त्याच्याबरोबर ती जातही.

म्हणजे काचेच्या पेटीत गोगलगाय सांभाळणं हा पोरखेळ नाही. पेटीबाहेर काय आहे आणि पेटीतली कुठली आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

गणपतीत भाचा साताऱ्याला आला होता. कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात गाडी थांबवली, तर दगडी कठड्यावर एक डावखुरी निघाली. त्याने ओल्या तळहातावर घेतली, उलटसुलट करून बघितली, मोबाइलवर फोटो काढला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, पाऊस वाढला होता, मी म्हटलं ठेव कुठेही आणि चल. त्याने ऐकलं नाही. चार पावलं मागे गेला, तोच दगड शोधला, तिथेच ठेवली आणि मग गाडीत बसला. वहीत जागा, तारीख आणि वेळ लिहिली.

असो. बखर लांबली. टँकमधल्या दोघींची नावं काय ठेवली असं अनेकांनी विचारलं आहे. एकीचं नाव भाच्याने ठेवलंय बेन्सन. दुसरीचं काकूंनी ठेवलंय, पण ते एका जवळच्या नातेवाइकाच्या सावकाश कामावरून ठेवलेलं असल्यामुळे इथे छापता येत नाही. ते स्वतः हा लेख वाचणार आहेत.

लोभ आहेच, तो वाढावा.